काचेतला कोट आणि तुमच्या लेकीचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात असतात. एका रविवारी बायको आणि दहा वर्षांच्या मुलीला घेऊन ते प्रदर्शन बघायला गेले. तिथे काचेच्या फुग्यात बोटभर उंचीचा एक कोट टांगलेला होता आणि त्यावर वरून गुलाबी पाणी ठिबकत होतं. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, की हा कोट जिवंत पेशींचा आहे आणि तो वाढतो आहे. बायकोला मळमळलं, ह्यांना राग आला, आणि मुलीने विचारलं, "बाबा, त्याला दुखतंय का?" बरोबरचा मित्र म्हणाला, "तुला आजची कला कळायची नाही, चल कॉफी पिऊ." आता ते विचारतात, की अशा कामाला प्रतिसाद द्यायचा तरी कसा, आणि "मला नाही आवडलं" म्हटलं तर आपण मागासलेले ठरतो का?

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. मी सव्वीस वर्षं सेल कल्चरच्या, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायच्या, लॅबमध्ये काढली. निवृत्तीनंतर अपघातानेच कलादालनांशी संबंध आला आणि आता अशी प्रदर्शनं लोकांना हिंडून दाखवते. कलासमीक्षक मी नाही. पण त्या गुलाबी पाण्यात काय असतं ते मला हाताने माहीत आहे.

तुम्ही विचारलंय एक, पण त्यात तीन प्रश्न अडकलेत. किळस आली, तो एक. काहीतरी चुकीचं चाललंय असं वाटलं, तो दुसरा. आणि "आपल्याला मूर्ख बनवतायत का" ही शंका, तो तिसरा. तुमची बायको पहिल्यात होती, तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्यात, आणि मित्राने तिन्हींना मिळून एकच उत्तर दिलं. तिघांचे पाय एकाच चपलेत घातल्यासारखं झालं ते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हेही मान्य करते. रविवारी मटण आणणाऱ्या घरातून आलेला माणूस आणि न आणणाऱ्या घरातून आलेला माणूस त्या काचेसमोर एकाच जागी उभे नसतात. शिवाय तुम्ही नेमकं कुठलं काम पाहिलंत ते तुम्ही लिहिलेलं नाही. वर्णनावरून ते 'व्हिक्टिमलेस लेदर' किंवा त्याच घराण्यातलं असावं. ओरॉन कॅट्स आणि आयोनॅट झर या जोडीने ते २००४ मध्ये केलं. पर्थच्या युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियामध्ये २००० पासून सिम्बायॉटिका नावाची कलाकारांची लॅब होती, तिथलं हे काम. नावाचा अर्थ 'कुणाचाही बळी न घेतलेलं चामडं'. तेच धरून पुढे बोलते.

त्या फुग्यात काय चाललेलं असतं ते बघू. विरघळू शकणाऱ्या प्लास्टिकच्या जाळीचा कोटाच्या आकाराचा साचा, आणि त्यावर पेरलेल्या पेशी. वरून जे ठिबकतं ते मीडियम, म्हणजे पेशींचं जेवण: साखर, क्षार, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं. निम्मे प्रेक्षक त्या गुलाबी रंगाला रक्त समजतात आणि तिथेच त्यांचं पोट ढवळतं. तो रंग फिनॉल रेडचा. पेशींना त्याचा काही उपयोग नाही, तो आमच्यासारख्यांना बघायला घातलेला असतो. पेशी खाऊन आम्ल सोडू लागल्या की रंग केशरीकडे आणि मग पिवळ्याकडे सरकतो. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो ना, तीच जात. सकाळी इन्क्युबेटर उघडला आणि फ्लास्क पिवळे दिसले की आम्ही म्हणायचो, "पोरं उपाशी आहेत." पिवळं आणि वर गढूळ दिसलं तर बॅक्टेरिया शिरले, सगळं फेकून द्या.

म्हणजे गुलाबी दिसतं ते रक्त नव्हे. पण रक्ताचा अंश त्यात असतोच, तो नजरेला कळत नाही इतकंच. मीडियममध्ये साधारण दहा टक्के सीरम घालतात आणि कित्येक दशकं सगळ्या जगात ते बहुतेक करून फीटल बोव्हाइन सीरम, एफबीएस, असतं. कत्तलखान्यात गाय कापल्यावर ती गाभण निघाली, तर पोटातल्या वासराच्या हृदयात सुई घालून रक्त काढतात, ते गोठू देतात आणि वरचं पाणी वेगळं करून गाळतात. पेशींना वाढवणारे घटक त्यात ठासून भरलेले असतात. अर्ध्या लिटरची बाटली, पातळ मधासारखा रंग, उणे वीस अंशांना ठेवायची.

आता कोटाचं नाव पुन्हा वाचा.

ही विसंगती कलाकारांच्या नजरेतून सुटलेली नाही. 'बळी नसलेलं' म्हणजे बळी फक्त नजरेआड गेलेला, हे त्यांनी स्वतः लिहिलंय, बोललंय. नाव टोचावं म्हणूनच ठेवलंय. पण पाटीवर दोन ओळी वाचून पुढे गेलेल्या माणसाला हे कळत नाही. तो एकतर "वा, अहिंसक चामडं" म्हणून खूश होतो, नाहीतर "शी, काय हे" म्हणून निघतो.

आणि मला तरी कुठे कळलं होतं? आमच्या घरी श्रावण कडक. महिनाभर कांदा-लसूण नाही, सोमवारी डब्यात वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. तो डबा खाऊन मी दुपारी हूडमध्ये, म्हणजे जंतू शिरू नयेत म्हणून केलेल्या काचेच्या कपाटासमोर, बसायची, एफबीएसची बाटली छप्पन अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, मीडियममध्ये मिसळायची आणि वहीत लॉट नंबर लिहायची. लेबलवर 'फीटल' हा शब्द होता. मी तो हजार वेळा वाचला असेल. पण वाचला तो सॉल्व्हंटचं नाव वाचावं तसा. ह्या कोटाची माहिती पहिल्यांदा एका व्याख्यानात ऐकली तेव्हा मलाही राग आला. कलाकार मंडळी उगाच आमच्या कामाला नाटकी करतात, असं वाटलं. दोन दिवसांनी कळलं, की राग त्यांच्यावर नव्हताच. म्हणून तुमच्या रागाला मी हसणार नाही. फक्त तो नेमका कुणावर आहे ते जरा सावकाश तपासा.

ह्याच कोटाची २००८ मधली गोष्ट सांगते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'डिझाइन अँड द इलास्टिक माइंड' नावाचं प्रदर्शन होतं, त्यात तो उंदराच्या मूळपेशींपासून वाढवून ठेवला होता. तो अपेक्षेपेक्षा भराभर वाढला. नळ्या तुंबायला लागल्या, एक बाही सुटायला आली. शेवटी क्युरेटर पाओला अँतोनेली यांनी कलाकारांशी बोलून त्याचं पोषण बंद केलं. त्यांनी नंतर उघड सांगितलं, की हा निर्णय त्यांना फार जड गेला, एका कोटाला मारायचं म्हणून झोप उडाली. गंमत बघा, त्या कोटाला मेंदू नाही, मज्जातंतू नाही. सगळ्या जगात दर आठवड्याला असले हजारो फ्लास्क आम्ही लोक टाकून देतो. तरी बाही सुटताना दिसली की माणूस अडखळतो. आकार कोटाचा नसता, नुसता थर असता, तर कुणाची झोप उडाली नसती. हे काम उभं आहे ते नेमकं ह्या अडखळण्यावर.

आता किळस. तुमच्या बायकोला मळमळलं ह्यात समजुतीचा काही दोष नाही. आपल्याकडे तर भरताने नाट्यशास्त्रात बीभत्साला आठांतला एक रस म्हणून मान दिला, जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव सांगितला, आणि वर त्याचेही प्रकार पाडले: रक्त-आतडी बघून येणारा क्षोभज वेगळा, विष्ठा-कृमी बघून येणारा उद्वेगी वेगळा. म्हणजे किळस आली की कला संपली, असं आपल्या परंपरेने तरी कधी मानलेलं नाही. पण कशाची किळस, हे विचारायला हवं.

मी प्रदर्शन दाखवताना एक साधी गोष्ट करते. चिठ्ठी आणि पेन्सिल देते आणि अर्धं वाक्य पुरं करायला सांगते: "मला ____ ची किळस आली." चर्चा नंतर. लोक लिहितात: वासाची. वास? काच बंद आहे, वास येऊच शकत नाही. रक्ताची. ते रक्त नाही. ओलेपणाची, हे खरं. "ते गर्भासारखं दिसतं", हेही खरं, आणि सीरमची गोष्ट न सांगता एका बाईंनी हे लिहिलं होतं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. निम्म्या चिठ्ठ्यांत समोर नसलेल्या गोष्टीच सापडतात. त्या बाजूला काढल्या की जी उरते ती किळस तुमची स्वतःची, आणि तिच्याबद्दल बोलता येतं.

ह्याच जोडीने २००३ मध्ये फ्रान्सच्या नांत शहरात बेडकाच्या पेशींपासून स्टेक वाढवला होता. शेजारी टाकीत जिवंत बेडूक. शेवटच्या दिवशी तो शिजवून पाहुण्यांना वाढला, काहींनी घास थुंकून टाकला. जाळी पुरती विरघळली नव्हती, चव आणि पोत दोन्ही भयंकर. बेडकांना तळ्यात सोडून दिलं. तेव्हा लोक म्हणाले, हा निव्वळ आचरटपणा. दहा वर्षांनी, ऑगस्ट २०१३ मध्ये, मार्क पोस्ट या डच संशोधकांनी लंडनमध्ये कॅमेऱ्यांसमोर लॅबमधल्या गोमांसाचा बर्गर खाऊ घातला, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये सिंगापूरने लॅबमध्ये वाढवलेलं चिकन विकायला परवानगी दिली. तोवर आचरटपणाचा उद्योग झाला होता. म्हणून "हे काय भलतंच" ह्या प्रतिक्रियेवर मी लगेच शिक्का मारत नाही.

पण म्हणून सगळं गोड मानून घ्यायचं, असंही नाही. काही कामांना मी सरळ नकार देते. डेन्मार्कमध्ये कोल्डिंगच्या ट्रॅपहोल्ट म्युझियममध्ये २००० साली मार्को एव्हारिस्ती यांनी दहा मिक्सर मांडले, प्रत्येकात पाणी आणि त्यात एक जिवंत गोल्डफिश. वीज चालू. बटण दाबायचं की नाही ते प्रेक्षकावर. काहींनी दाबलं. म्युझियमच्या संचालकांना २००० क्रोनरचा दंड झाला, त्यांनी तो मानला नाही, आणि २००३ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं, कारण मासे क्षणार्धात मेले, हाल झाले नाहीत. कायद्याचा प्रश्न तिथे मिटला. माझा मिटत नाही. ज्याला मज्जासंस्था आहे असा जीव दुसऱ्याच्या नीतीची परीक्षा घ्यायला पणाला लावला, त्याला तर कुणी विचारलं नव्हतं. २०१२ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये डेमियन हर्स्ट यांच्या प्रदर्शनात एका बंद खोलीत फुलपाखरं सोडली होती, ती नऊ हजारांहून जास्त मेली. तिथे तर परीक्षासुद्धा नव्हती, नुसती शोभा. "ही कला आहे का" ह्या वादात मी पडत नाही, त्यात संध्याकाळ जाते आणि चहा गार होतो. असेल कला. मला ती मान्य नाही.

उलट मार्ता द मेनेझिश यांची फुलपाखरं घ्या. त्यांनी हॉलंडमधल्या लायडनच्या लॅबमध्ये कोशातल्या फुलपाखराच्या एका पंखावर तापवलेल्या सुईने इवलासा फेरफार केला. त्या पंखावरची नक्षी बदलली, दुसरा पंख जसाच्या तसा. जनुकांना हात लावलेला नाही, म्हणून बदल पुढच्या पिढीत जात नाही, त्या फुलपाखराबरोबरच संपतो. इथे मी अडखळते, नकार देत नाही. सुई आहेच. पण काय केलं, कशाला हात लावला, कशाला नाही, हे त्यांनी झाकलेलं नाही.

झाकण्यावरून आठवलं, तुमच्या तिसऱ्या शंकेचं. एदुआर्दो काच या कलाकाराची 'आल्बा' नावाची हिरवी चमकणारी सशीण तुम्ही फोटोत पाहिली असेल, २००० सालची. जेलीफिशचं चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक सशात घातलेलं. फोटोत ती पायांपासून कानांपर्यंत एकसारखी पोपटी आहे. पण साध्या उजेडात ती पांढरी, आणि निळ्या उजेडातही अशी एकसंध चमकणार नाही, केस हे मृत द्रव्य आहे, असं ती जिथली त्या फ्रेंच संस्थेतले लुई-मारी उदबीन यांनी नंतर सांगितलं. ती खास ह्या कलाकृतीसाठी तयार केली की आधीपासूनच होती, ह्यावरही दोघांचं जुळलं नाही. म्हणजे "बनवतायत का" असं विचारणं गैर नाही. फोटो वेगळा, प्राणी वेगळा. काचेसमोर उभं असताना तिथल्या माणसाला बिनधास्त विचारा: पेशी कुठल्या, खाणं कशाचं, रोज बघतं कोण, आणि प्रदर्शन संपल्यावर ह्याचं काय करणार?

शेवटचा प्रश्न मी ठेच लागून शिकले. एका कलादालनात (नाव नको) तळहाताचे ठसे अगार प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या बशीवर, उमटवून ते वाढवायचा प्रयोग होता. मी सल्लागार. चार दिवसांत पिवळे, पांढरे ठिपके, एका प्लेटवर काळपट हिरव्या बुरशीचं छान लोकरी वर्तुळ. मी त्यावर अर्धं पान कौतुकाचं लिहून दिलं. झाकणांना साधी चिकटपट्टी होती, उकाड्याने ती सुटत होती, ते मला दिसलं होतं आणि तरी मी बोलले नाही. प्रदर्शन संपल्यावर दुसऱ्या दिवशी गेले तर मावशी म्हणाल्या, "मॅडम, त्या बशा सकाळी घंटागाडीत टाकल्या." ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारायचं यंत्र, नाही, काही नाही. तळहातावरचे जंतू बहुतेक निरुपद्रवी असतात, पण प्लेटवर ते कोट्यवधी झालेले असतात, आणि आपला कचरा पुढे कुणीतरी हातानेच निवडतं. १२१ अंश, पंधरा पौंड दाब, वीस मिनिटं, एवढंच हवं होतं. खरं तर घरचा प्रेशर कुकरही जवळपास तिथपर्यंत जातो. माझी सव्वीस वर्षं त्या दिवशी काही कामाची नव्हती.

आणि हेच प्रश्न सुंदर कामालाही विचारायचे, बरं का. २००९ मध्ये बंगळुरूच्या सृष्टी ह्या कलाशिक्षण संस्थेतल्या मुलांनी ई. कोलाय जिवाणूंना जिओस्मिन तयार करायला लावलं. जिओस्मिन म्हणजे पहिल्या पावसाच्या मातीचा वास. मातीतले जिवाणू ते एरवी बनवतातच. हे ऐकून माणूस लगेच विरघळतो, मीही विरघळले. पण जनुक बदललेला जिवाणू तो जिवाणूच. आपल्याकडे १९८९ च्या नियमांखाली तो परवानगीशिवाय लॅबबाहेर सोडता येत नाही, आणि वास छान आहे म्हणून त्यात सूट नाही. किळसवाण्या कामाची उलटतपासणी आणि सुवासिक कामाला टाळ्या, असं केलं तर आपण कामाबद्दल काहीच बोललेलो नसतो, आपल्या नाकाबद्दल बोललेलो असतो.

तर तुमच्या मित्राला सांगा, "मला नाही आवडलं" हे पुरं वाक्य आहे. त्यापुढे "कारण" जोडता आलं की कुणी मागासलेलं म्हणत नाही, आणि कुणी म्हटलंच तर त्याला सीरमबद्दल विचारा. बायकोला चिठ्ठीतलं अर्धं वाक्य द्या.

राहिली तुमची लेक. तिचा प्रश्न तुम्हा तिघांपेक्षा नेमका होता. तिला पालीच्या शेपटीची आठवण द्या. तुटलेलं शेपूट जमिनीवर वळवळतं, ते काही वेळ जिवंत असतं, पण त्याला दुखलं हे कळायला जी पाल लागते ती तर भिंतीवरून पळून गेलेली असते. कोटाचं तसंच. पेशी जिवंत आहेत, पण दुखणारं तिथे कुणी नाही. ज्या वासराचं रक्त वापरलं त्याचं आज सांगायचं की दोन वर्षांनी, ते तुम्ही ठरवा. घरातलं मूल तुम्हाला जास्त कळतं.

ती बहुतेक पुढचं विचारेल, की मग त्या कोटाचं शेवटी काय होतं. ह्या कलाकारांची एक पद्धत आहे: प्रदर्शनाच्या शेवटी ते काच उघडतात आणि प्रेक्षकांना उघड्या हाताने त्याला स्पर्श करायला बोलावतात. हातावरचे आणि हवेतले जंतू लागले की तो मरतो. "बाबा, आपण लावला असता का हात?" असं तिने विचारलं तर तुमचं उत्तर तुम्ही द्या. मी बहुधा हात मागे घेतला असता. आणि दर शुक्रवारी संध्याकाळी उरलेल्या फ्लास्कमध्ये ब्लीच ओतताना, गुलाबी रंग फटफटीत होताना बघत, सव्वीस वर्षांत एकदाही घेतला नाही.